वाकडा चिरूट

नीलम्मांच्या जिभेवरून गेल्याखेरीज भवानी पेठेतल्या त्या विडी कारखान्यातून विड्यांचा एक कट्टाही बाहेर पडत नसे. बावीस वर्षे हा नियम चालत आला होता. यजमान, म्हणजे चनबसप्पा, धडधाकट होते तोवर तंबाखूचा प्रत्येक नवा माल ते स्वतः विडी ओढून पारखत. पुढे त्यांचा घसा धरला, डॉक्टरांनी धूर बंद केला, आणि एका सकाळी त्यांनी पेटती विडी बायकोच्या हाती देऊन म्हटले, "बघ बरं, हा निपाणीचाच आहे का?" घरंदाज लिंगायत बाईने विडी तोंडाला लावली म्हणून पेठेत महिनाभर कुजबुज झाली. नीलम्मांनी ती कानाआड केली. एकीने अगदी तोंडावर विचारले, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "आमटीचं मीठ चाखते तेव्हा मी काही जेवायला बसलेली नसते. तसंच हे." त्यानंतर कोणी विचारले नाही. यजमान गेले, नियम राहिला. तीन झुरके घ्यायचे, चौथा नाही. मग चूळ, मग निकाल. निकाल एका शब्दाचा असे आणि त्यावर अपील नसे.

पण बहात्तरच्या दुष्काळाला तीन वर्षे उलटल्यावरच्या त्या उन्हाळ्यात नीलम्मा थकल्या होत्या. अडुसष्टावे वर्ष लागले होते. अंग थकले होते यात नवल नव्हते. परंतु 'पसंत' किंवा 'नापसंत' एवढे म्हणायलाही त्यांना आता कष्ट पडू लागले होते, आणि हे त्यांनी कोणालाच कळू दिले नव्हते. दुपारची घटकाभर झोप ही त्यांची एकच उरलेली चैन. विड्यांसाठी टेंभुर्णीची पाने भिजवण्याच्या हौदाला लागून एक लहानशी अंधारी खोली होती. हौदाची ओल भिंतीतून पाझरे, त्यामुळे भर मे महिन्यातही ती गार राही. तिथे नीलम्मांची बाज होती. दुपारी त्या खोलीत कोणी पाऊल टाकायचे नाही, हाही कारखान्याचा नियमच होता.

शनिवारी छाटणी चालू असताना चिमाबाईने केराबाईच्या सुपातल्या निम्म्या विड्या बाजूला काढल्या. छाटणी हेच चिमाबाईचे काम, आणि जिभेला धार लावून घेतल्याशिवाय ते करता येते असे तिला कधी वाटलेच नव्हते.

"बघा अव्वा," ती म्हणाली. कारखान्यात सगळेच नीलम्मांना अव्वा म्हणत. "ह्या विडीला तोंड हाय का दरवाजा? समदं उघडं. वढणाऱ्याच्या तोंडात धुराबरुबर तंबाखूचा घासबी जाईल की."

दोघीतिघी हसल्या. केराबाई हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने कात्री सुपात ठेवली आणि हात पदराखाली घेतले.

"हात दाखव," नीलम्मा म्हणाल्या.

केराबाईने हात पुढे केले. तीस वर्षांपूर्वी कुंभारीहून विधवा होऊन आलेली ही बाई एके काळी कारखान्यातली सर्वांत चपळ बाई होती. पान कापणे, चिमटीभर तंबाखू पसरणे, वळणे, नखाने तोंड दुमडून सुताची गाठ मारणे, हे सारे ती गप्पा मारता मारता, मान वर करून, न पाहता करी. आता तिच्या बोटांच्या पेरांवर गाठी आल्या होत्या. दोन बोटे तर मिटतच नव्हती. विडीचे तोंड दुमडायला नखाचे टोक लागते आणि ते टोक नेमके जागेवर न्यायला पेर वळावे लागते. ते वळत नव्हते.

"बोटं गेली गं तुझी," नीलम्मा हळू आवाजात म्हणाल्या.

"व्हय."

"मग कुंभारीला जा. लेक कोंडीबा आहे, सून आहे. खाऊनपिऊन सुखानं राहा."

"सून हाय म्हणून तर जायाचं न्हाय, अव्वा. हितं माझी खोली हाय, माझी चूल हाय. भूक लागली की पेटवते. तितं ताट फुडं येईल, न्हाय म्हणत न्हाय. पर ते कवा येईल ते तिच्या हातात."

नीलम्मांचा मुलगा चन्नवीर दाराशी उभा राहून हे ऐकत होता. चाळिशी ओलांडलेला, सौम्य स्वभावाचा गृहस्थ. आईपुढे बोलण्यापूर्वी तो नेहमी चष्मा पुसून घेई. तसा तो पुसून म्हणाला, "अव्वा, हिला जाड काम देऊन पाहू या का?"

"जाड काम म्हणजे?"

"हैदराबादच्या व्यापाऱ्यानं पाठवलाय तो चिरूट. तंबाखूच्या अख्ख्या पानांचा गठ्ठाही पाठवलाय. इथं कुणाला तसा वळता आला तर ते माल घेतील म्हणतात. गुरुवारी त्यांचा माणूस नमुने न्यायला येणार आहे. चिरूट अंगठ्याएवढा जाड. त्याला नखाचं काम नाही. तळव्यानं वळायचा."

चिरूट ही वस्तू नीलम्मांनी पाहिली होती ती फक्त लांबून, लहानपणी, एका साहेबाच्या तोंडात. ती काय चवीची असते, कशी ओढतात, याची त्यांना काडीमात्र कल्पना नव्हती. पण चाळीस बायका कात्र्या थांबवून त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"चालेल," त्या म्हणाल्या. "केराबाई, तू वळ. मी ओढून पाहीन. पसंत पडला तर भट्टीमागची खोली तुला वळायला आणि चिरुटाचं काम तुझं. नाही पडला तर कुंभारी. मग रडगाणं चालायचं नाही."

"न्हाय रडायची," केराबाई म्हणाली.

हैदराबादहून आलेल्या पत्र्याच्या डब्यात दोन चिरूट होते, ओलसर फडक्यात गुंडाळलेले. केराबाईने त्यातला एक मांडीवर घेऊन उकलला. तान्ह्या मुलाची दुपटी सोडावीत तशी तिने एकेक पान सोडले, कोणते आत होते, कोणते वर, पिळा कुठल्या अंगाला होता, हे पाहून घेतले आणि पाने पुन्हा होती तशी मांडून ठेवली. दुसऱ्याला तिने हात लावला नाही. शेजारच्या विणकराकडून वाटीभर खळ आणली. सुताला लावायची ती खळ वरचे पान चिकटवायला बरी पडेल असे तिने ठरवले. पहिला वळला तो वाकडा झाला. तो तिने ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला. मग सोमवार संध्याकाळपर्यंत पाच सरळ झाले. हैदराबादच्या डब्यात पाहिले होते तसेच तिने ते ओल्या फडक्यात गुंडाळून नीलम्मांपुढे ठेवले.

नीलम्मांनी फडक्याला बोट लावले. "हे ओलं का?"

"डब्यातबी ओलंच फडकं हुतं, अव्वा. म्हणून मीबी तसंच ठिवलं."

"प्रवासात भिजलं असेल. बिरप्पा."

बिरप्पा भट्टीवरचा माणूस. वळलेल्या विड्या कट्टे बांधण्यापूर्वी जाळीच्या तबकात घालून निखाऱ्यांच्या धगीवर सुकवायच्या, म्हणजे त्यांना बुरशी धरत नाही आणि चव उघडते. विडीच्या धंद्यात हे सगळ्यांत शेवटचे आणि सगळ्यांत जोखमीचे काम. बिरप्पाच्या हातून आजवर एक तबक जळाले नव्हते.

"हे पाच रात्रभर जाळीत ठेव. सकाळी मी ओढणार आहे."

केराबाई अडखळत म्हणाली, "अव्वा, त्येला आग नको वाटतं."

"का?"

"ते मऊ हुतं, डब्यातलं. दाबलं की दबत हुतं."

"तीस वर्षं विड्या वळल्यास आणि ओल्या मालाचं काय होतं ते ठाऊक नाही?"

"विडीचं ठाऊक हाय की. ह्येचं आपल्याला कुटं..."

"तंबाखू तो तंबाखू. भट्टी न दाखवलेली चीज माझ्या तोंडाशी आजवर आली नाही, आता येणार नाही. ने रे, बिरप्पा."

बिरप्पाने एकदा केराबाईकडे पाहिले आणि फडके उलगडले.

मंगळवारी सकाळी नीलम्मा दालनाच्या तोंडाशी त्यांच्या नेहमीच्या पाटावर बसल्या. शेजारी पाण्याचा तांब्या, पितळी पिकदाणी आणि चिमट्यात धरलेला निखारा. काडेपेटी त्या कधी वापरत नसत; काडीच्या गंधकाने पहिला झुरका बाटतो असे त्यांचे मत होते. बायका आपापल्या जागी बसून होत्या, पण कात्र्यांचा आवाज त्या दिवशी जरा तुटक येत होता. केराबाई तिसऱ्या रांगेत होती. तिच्या पुढ्यात सूप नव्हते. बिनसुपाची बसलेली ती कोणाच्या तरी घरी बसायला आलेल्या पाहुणीसारखी दिसत होती.

चिरूट हातात घेतला तेव्हा तो त्यांना फारच हलका लागला. अंगठ्याएवढी जाड वस्तू इतकी हलकी कशी, असा प्रश्न मनात येऊन गेला, पण तो त्यांनी धरून ठेवला नाही. निखारा टेकवला. आणि पहिला झुरका त्यांनी विडीसारखाच घेतला, गाल आत ओढून, जोराने. विडी तशी ओढली नाही तर विझते; बावीस वर्षांची ती सवय.

तोंडात भसकन आगच आली. दुसऱ्या झुरक्याला वरच्या पानाला चीर गेली आणि तिच्यातून धूर फुटू लागला. तिसऱ्याला कारले जळल्यासारखी कडू वाफ घशापर्यंत उतरली. नीलम्मांचे डोळे भरून आले. घशात खोकल्याची उबळ उठली ती त्यांनी दाबली, कारण चाळीस बायकांपुढे त्या आजवर खोकलेल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे चिरूट पिकदाणीच्या कडेवर ठेवला, दोनदा चूळ भरली, पदराने ओठ टिपले.

"नाही," त्या म्हणाल्या.

चिमाबाई पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "जिला विडी साधंना तिला दांडकं साधतंय व्हय."

केराबाई उठली. कात्री तिने पिशवीत टाकली, तीस वर्षे ज्या गोणपाटावर बसत होती ते घडी करून भिंतीला उभे केले.

"येते अव्वा," ती म्हणाली.

'ये' म्हणायची रीत असते. नीलम्मांनी नुसती मान हलवली.

दुपारी हौदाजवळच्या खोलीत बाजेवर आडव्या झाल्यावर सकाळचा सगळा दाबलेला खोकला एकदम बाहेर आला. उशीत तोंड खुपसून त्या खोकल्या. मग उताण्या पडून आढ्याकडे पाहत राहिल्या. जिभेवरचा कडूपणा जात नव्हता. निकाल चुकीचा वाटत होता असे नव्हे. निकाल बरोबरच होता. तसा माल त्यांनी कोणत्याही व्यापाऱ्याला दिला नसता. तरी झोप येईना. केराबाईचे घडी केलेले गोणपाट डोळ्यांपुढून हलेना.

दारावर टकटक झाली. दुपारी त्या दारावर टकटक करण्याचे धाडस एकच माणूस करू शकत होता, आणि तोही वर्षाकाठी एकदा.

"ये चन्नवीर."

चन्नवीर आत आला आणि उभाच राहिला. "अव्वा, एक विचारू का? रागावणार नसलीस तर."

"रागवायला बळ लागतं. ते कुठं आहे? विचार."

"डब्यातला तो दुसरा चिरूट तू ओढून पाहिलास?"

"तो कशाला? तो त्यांचा."

"म्हणूनच. मग केराबाईचा बरा की वाईट, हे तू कशाशी ताडून ठरवलंस?"

विडीशी, हे उत्तर नीलम्मांच्या ओठांवर आले आणि ओठांवरच थांबले. त्या बाजेवर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "डबा आण. आणि तिचे उरलेले चार आण."

हैदराबादचा चिरूट त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबला. पिकायला लागलेल्या केळ्यासारखा तो थोडा दबला आणि बोट सैल करताच पुन्हा भरून आला. हाताला त्याचे वजन लागत होते. मग त्यांनी केराबाईचा घेतला आणि तसाच दाबला. तो पापडासारखा चुरचुरला, आणि वरच्या पानाचा तुकडा त्यांच्या मांडीवर पडला.

तो त्यांनी उचलून तळहातावर घेतला. 'ते मऊ हुतं, डब्यातलं. दाबलं की दबत हुतं.' केराबाईने स्वच्छ शब्दांत सांगितले होते. तिने ते हातांनी पाहिले होते, मोडक्या का असेनात, पण हातांनी. आणि आपण काय केले? ज्या धगीने विडी बनते त्या धगीत तिची तीन दिवसांची मेहनत रात्रभर घातली, आणि सकाळी तिच्यातून निघालेल्या आगीला तिचा दोष म्हटले.

"हा पेटवून पाहतेस?" चन्नवीरने डब्यातल्या चिरुटाकडे बोट दाखवले.

"ठेव तो. तिला पुढ्यात ठेवून वळायला लागेल. बिरप्पाला पाठव तिच्याकडे. म्हणावं, अव्वांनी बोलावलंय."

बिरप्पा गेला आणि एकटाच परत आला. डोक्याचे फडके सोडून घाम पुसत तो दारातच उभा राहिला. "येत न्हाय म्हणती, अव्वा. निकाल लागला, आता कशाला, म्हणती. साडेपाचची यष्टी हाय तिची."

"असं म्हणाली?"

"व्हय. मी लई सांगितलं. पिशव्या भरल्यात तिनं. त्यो वाकडा चिरूट पिशवीतनं काढून कोनाड्यात ठिवलाय, त्यो तेवढा दिसला."

"कसला वाकडा?"

"पहिला वळला हुता की तिनं, त्या पाचांच्या आदी. वाकडा झाला म्हणून तुमच्याकडं आणलाच न्हाय."

"म्हणजे त्याला भट्टी नाही लागली."

"न्हाय जी. कशी लागंल?"

नीलम्मांनी छत्री घेतली. चन्नवीर टांगा बोलवायला निघाला तेव्हा त्यांनी हातानेच त्याला थांबवले. कारखान्यातल्या कोणत्याही बाईच्या घरी त्या आजवर गेल्या नव्हत्या, लग्नाला नाही आणि मयतालाही नाही. आहेर जाई, माणूस जाई, त्या जात नसत. आता टांग्यातून उतरल्या असत्या तर ते जाणे अधिकच डोळ्यांत भरले असते. अंतर तसे थोडेच, दोन गल्ल्यांचे. पण चार वाजताचे ऊन अंगावर पडत होते, रस्त्याचा फुफाटा चपलेत शिरत होता आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खटखटाट कानावर आदळत होता. नळाच्या कोंडाळ्यापाशी घागरींची रांग लागली होती. तिथल्या बायकांनी नीलम्मांना ओळखले, बाजूला सरून वाट दिली आणि त्या पुढे गेल्यावर माना वळवून पाहत राहिल्या. मारुतीच्या पारापाशी त्यांना थांबावे लागले. छातीचा भाता हलत होता. इतकी मी यजमान गेले तेव्हाही थकले नव्हते, असे त्यांच्या मनात आले.

केराबाईचे दार उघडे होते. दोन पिशव्या आणि एक वळकटी उंबऱ्याशी लावून ठेवली होती. केराबाई पाठमोरी बसून चूल सारवत होती. नव्या बिऱ्हाडकरूला राखेने भरलेली चूल द्यायची नाही, म्हणून जाण्यापूर्वी चूल साफ करून सारवायची. असे ती गावाहून शिकून आली असावी. तिची ती न मिटणारी दोन बोटे शेणमातीत सरळ उभी राहत होती आणि सारवणावर वेगळी रेघ उठत होती.

"केराबाई."

ती वळली. दारात नीलम्मांना पाहून ती इतकी चकित झाली, की उठायचेही राहिले. मग गडबडीने पदराला हात पुसून तिने पोत्याची घडी पुढे टाकली. "अव्वा, तुमी? बसा की. पाणी देते."

नीलम्मांनी पाणी पिऊन भांडे खाली ठेवले.

"तो वाकडा कुठं आहे?"

"त्यो न्हाय दावायचा. लई वाकडा हाय."

"मला काही त्याचं लग्न लावायचं नाही. आण."

केराबाईने कोनाड्यातला पुडा आणला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तो चिरूट खरोखरच वाकडा होता, मधोमध बाक आलेला. नीलम्मांनी तो दाबला. दबला, आणि भरून आला.

"निखारा?"

"चूल वली हाय, अव्वा. इस्तू कुटला? काडेपेटी हाय."

काडी ओढली गेली. गंधक जळून ज्योत पिवळी होईपर्यंत नीलम्मांनी ती लांब धरली आणि मग चिरुटाच्या टोकाला नेली. चालून आलेल्या त्या जिवात गाल आत ओढून झुरका मारण्याइतका दम उरलेला नव्हता. त्यांनी नुसते ओठ लावले आणि हलकेच, श्वास घ्यावा तितक्याच बेताने, धूर तोंडात येऊ दिला. आला तसा थोडा वेळ राहू दिला आणि सोडला.

आग नव्हती. आधी काही विशेष कळलेच नाही. मग ओल्या मातीसारखे काही तरी, मग जुन्या संदुकीचे झाकण उघडल्यावर येतो तसा वास, आणि त्याच्या मागून अगदी हळू येणारा कडसरपणा. पण तो घशाला धरत नव्हता, जिभेच्या मागे बसून राहत होता. दुसरा झुरका त्यांनी पुष्कळ वेळाने घेतला. चिरूट विझला नाही. त्याच्या टोकावर करडी राख साचली आणि पडली नाही. बोटाच्या एका पेराएवढी झाली तरी तशीच टिकून राहिली. विडीला सांगण्यासारखी राखच नसते. हे त्यांनी प्रथमच पाहिले.

तिसरा झाला. केराबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. नीलम्मांनी चौथा घेतला, आणि आपण चौथा घेतला हे राख जमिनीवर पडली तेव्हा त्यांच्या ध्यानात आले.

"मला हा आवडत नाही," त्या म्हणाल्या.

"बरं," केराबाई म्हणाली.

"ऐकून घे. आवडत नाही. याची चव पाहुण्यासारखी ठाण मांडून बसते, उठायचं नाव घेत नाही. माझ्या जिभेला विडीची सवय. तिथं धूर आला, गेला, मोकळं. पण आवडणं निराळं आणि पसंत निराळं. आतली पानं सैल नाहीत, आवळलेली नाहीत. धूर सारखा येतो. जाळ एका अंगाला जात नाही, वाकडा असूनसुद्धा. राख उभी राहते. हे कोणी शिकवलं तुला?"

"कोण शिकवणार? उकलून बघितलं."

"पसंत आहे."

केराबाईने मान खाली घातली. मग हळूच विचारले, "मग सकाळच्याला काय झालं हुतं?"

नीलम्मांनी विझू घातलेला चिरूट उंबऱ्याच्या दगडावर टेकवला. "भट्टीनं वाळला. भट्टी मी लावायला सांगितली."

"मी सांगत हुते."

"सांगत होतीस."

"तुमी म्हणलात, तंबाखू तो तंबाखू."

"म्हणाले." नीलम्मा दमल्या होत्या आणि हे लवकर संपावे असे त्यांना वाटत होते. "उद्या सकाळी ये. गुरुवारपर्यंत पाच नवे वळून व्हायला हवेत."

केराबाई जागची हलली नाही. पिशव्यांकडे तिने एकदा पाहिले. "अव्वा, एक बोलू? तुमी माझ्या दारात आलात, लई झालं. पर 'नाही' म्हणलात ते समद्यांच्या म्होरं. चिमाबाई दांडकं म्हणली ते समद्यांच्या म्होरं. उद्या मी जाऊन बसले तर बाया म्हणतील, अव्वांना दया आली. दयेवर जगायचं तर कुंभारी काय वाईट हाय? तितं निदान पोटचं पोर हाय."

नीलम्मांनी तिच्याकडे पाहिले. एरवी कोणी असे बोलले असते तर त्यांनी त्याला दाखवलेली वाट भट्टीमागून थेट रस्त्यावर गेली असती. आता मात्र त्यांना फक्त एवढेच जाणवले, की ही बाई बरोबर बोलते आहे. आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडायला जे बळ लागते ते वर्षभरापूर्वीच सरले आहे.

"सांगेन," त्या म्हणाल्या. "वळकटी सोड. आणि तो वाकडा मला दे, राहिलेला."

बुधवारी सकाळी सगळ्या जणी बसल्यावर नीलम्मा पाटावर बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या. कात्र्या आपोआप थांबल्या.

"काल मी केराबाईच्या चिरुटाला 'नाही' म्हणाले. तो निकाल चुकला. चिरुटाला भट्टी चालत नाही. ती मी लावायला लावली. केराबाईनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिचा माल पसंत आहे." क्षणभर थांबून त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. "चिमाबाई, काल तू जे म्हणालीस ते दांडकं मी ओढून पाहिलं. त्याला जळायला अर्धा तास लागतो. तुझं बोलणं एवढं टिकलं तर मला सांग. हात चालवा आता."

चिमाबाईने सुपात मान घातली ती दुपारपर्यंत वर केली नाही.

केराबाई आपले गोणपाट घेऊन भट्टीमागच्या खोलीकडे निघाली, तेव्हा नीलम्मांनी तिला हाक मारली. "तिकडे कुठं? त्या भिंतीला धग लागते. दिवसभरात सगळी पानं वाळून जातील. बिरप्पा, हौदाजवळच्या खोलीतली बाज बाहेर काढ."

चन्नवीरने चष्मा काढला, पण तो पुसायला विसरला. "अव्वा, मग दुपारी तू झोपणार कुठं?"

"झोप लागते कुठं आता."

बाज बाहेर आली. हौदाला लागून असलेल्या त्या ओल्या, अंधाऱ्या खोलीत दाराशी केराबाई बसली, पुढ्यात हैदराबादचा डबा उघडा ठेवून. दुपारी ऊन दालनाच्या उंबऱ्यापर्यंत आले. नीलम्मा भिंतीला टेकून पाटावर बसल्या होत्या, पाय लांब करून. असे पाय लांब करून बसलेले त्यांना कारखान्यात आजवर कोणी पाहिले नव्हते. पत्र्याचे छप्पर तापले होते आणि गार जागा एकही उरली नव्हती.

तीन वाजण्याच्या सुमाराला केराबाई ओल्या फडक्यात एक चिरूट घेऊन आली. सरळ होता.

"अव्वा, बघता?"

नीलम्मांनी डोळे न उघडता हात पुढे केला. चिरूट दोन बोटांत धरून दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि परत दिला.

"गुंडाळून ठेव," त्या म्हणाल्या. "उद्या ओढीन. आज बसू दे मला जरा."